टर्बोचार्जर, स्पोर्ट्स मोटारीचा

टर्बोचार्जर : अंतर्ज्वलन-एंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूच्या शक्तीवर टरबाइन फिरवून, त्याच दंडावर बसविलेल्या संपीडकाने सिलिंडरात जादा हवा दाबून भरणारे साधन. नैसर्गिक रीत्या श्वसन करणाऱ्या एंजिनात हवा केवळ वातावरणाच्या दाबाने शिरते. सिलिंडरात जेवढी हवा मावेल तेवढेच इंधन जळू शकते. हवेचे वस्तुमान वाढविले की इंधन वाढविता येते आणि एंजिनाचे आकारमान तेच ठेवून शक्ती वाढते. या क्रियेस अतिभरण म्हणतात. संपीडक भुजादंडावरून पट्ट्याने किंवा दंतचक्रांनी फिरविल्यास एंजिनाची काही शक्ती त्यात खर्ची पडते. टर्बोचार्जरात ती एरवी वाया जाणाऱ्या निष्कास वायूतून घेतली जाते, हा त्याचा मुख्य लाभ होय. रस्त्यावर चालणाऱ्या स्पोर्ट्स मोटारीचा मूळ टर्बोचार्जर काढून त्याजागी अधिक मोठा बसविण्याची प्रथा या साधनाच्या प्रसाराबरोबरच वाढत गेली. कोणता टर्बोचार्जर निवडावा या प्रश्नाला त्यामुळे स्वतःचा असा एक इतिहास आहे.

रचना : टर्बोचार्जरात टरबाइनचे चाक, संपीडकाचे चाक, त्यांना जोडणारा दंड आणि दंडाला आधार देणारे धारवे हे मुख्य भाग असतात. पेट्रोल एंजिनात टरबाइनशी येणाऱ्या वायूचे तापमान ९५०° से.च्या वर जाऊ शकते. लहान मोटारींतील चाके मिनिटास दोन लाखांच्या आसपास फेरे घेतात. एवढ्या गतीने फिरणारा दंड वंगण तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, म्हणून स्वच्छ तेलाचा अखंड पुरवठा ही त्याच्या आयुष्याची पहिली अट आहे. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ नये यासाठी काही वायू टरबाइनला बगल देऊन सोडणारी झडप असते. कारागीर तिला वेस्टगेट म्हणतात. दाबल्यामुळे तापलेली हवा सिलिंडरात जाण्यापूर्वी थंड करणारा आंतरशीतक, म्हणजेच प्रचारातील इंटरकूलर, हा या व्यवस्थेचा दुसरा महत्त्वाचा घटक होय.

प्रारंभीचा इतिहास : स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. मात्र निष्कास वायूची उष्णता सोसणारे धातू व पुरेसे कार्यक्षम संपीडक तेव्हा उपलब्ध नव्हते आणि कल्पना प्रत्यक्षात येण्यास वीस वर्षे लागली. १९२५ च्या सुमारास ब्यूखी यांचे प्रयोग यशस्वी झाले. ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या डीझेल एंजिनांची शक्ती टर्बोचार्जरमुळे १,७५० वरून २,५०० अ. श.पर्यंत वाढली.

दरम्यान पहिल्या महायुद्धाने या साधनाला वेगळीच दिशा दिली. उंचीवर हवा विरळ झाली की विमानाचे एंजिन दुबळे होते. फ्रान्समध्ये ओग्यूस्त रातो यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सॅनफर्ड मॉस यांनी ही हानी भरून काढण्याचे प्रयत्न केले. मॉस यांनी १९१८ मध्ये ‘लिबर्टी’ एंजिन कोलोरॅडोतील सु. ४,३०० मी. उंचीच्या पाइक्स पीक या शिखरावर नेऊन तपासले. समुद्रसपाटीस ३५० अ. श. देणारे हे एंजिन शिखरावर २३० अ. श.वर आले, तर टर्बोचार्जर जोडताच त्याने ३५६ अ. श. दिली. विरळ हवेची भरपाई हे टर्बोचार्जरचे मूळ कार्य या प्रयोगाने सिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ व पी-४७ यांसारख्या अमेरिकी विमानांत तो मोठ्या प्रमाणावर वापरला गेला.

मोटारगाडीत प्रवेश : जहाज आणि विमान यांची एंजिने बराच काळ स्थिर गतीने चालतात. मोटारगाडीचे एंजिन मात्र क्षणोक्षणी मंद व जलद होत असते, आणि येथेच निवडीचा प्रश्न प्रथम उभा राहिला. मोठे टरबाइन जड असते. कमी वायूत ते गती घेत नाही व चालकाने प्रवेगक दाबल्यावर शक्ती येण्यास विलंब लागतो. लहान टरबाइन लगेच फिरू लागते, परंतु एंजिनाच्या उच्च गतीस तेच वायूच्या वाटेत अडथळा बनते.

१९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीची ‘जेटफायर’ आणि शेव्हर्ले कंपनीची ‘कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर’ या टर्बोचार्जरयुक्त मोटारी बाजारात आल्या. जेटफायरचे संपीडन गुणोत्तर १०·२५ इतके उच्च होते. अतिभरणाने होणारे नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट, टाळण्यासाठी तिच्यात पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारण्याची योजना होती. या द्रवाची टाकी वेळोवेळी भरणे अनेक मालकांना जमले नाही. नियमित निगेवर अवलंबून असलेली युक्ती सामान्य वापरात टिकत नाही, हा या प्रयोगाचा धडा होता.

यूरोपात बीएमडब्ल्यू कंपनीने १९७३ मध्ये १७० अ. श.ची ‘२००२ टर्बो’ काढली. खालच्या गतीस सुस्त आणि वर गेल्यावर एकदम उसळणारी अशी तिची ख्याती झाली. त्याच वर्षीच्या तेलसंकटामुळे तिचे उत्पादनही अल्पच राहिले. पोर्शे कंपनीची ‘९११ टर्बो’ १९७४ मध्ये ३ लि. एंजिन व २६० अ. श. घेऊन आली. १९७८ मध्ये एंजिन ३·३ लि.चे करून तिला आंतरशीतक जोडण्यात आला व शक्ती ३०० अ. श. झाली. वळणावर असताना शक्ती अचानक उफाळून आल्यास ही मोटार आवरणे कठीण जाई.

स्वीडनच्या साब कंपनीने १९७७ मध्ये दाखविलेल्या ‘९९ टर्बो’त नेमका उलट मार्ग धरला. पेर यिलब्रांड यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील अभियंत्यांनी मुद्दाम लहान टर्बोचार्जर निवडला, वेस्टगेटने त्याचा दाब आटोक्यात ठेवला आणि २ लि. एंजिनातून १४५ अ. श. मिळविली. कमाल आकड्यापेक्षा रोजच्या वापरातील मधल्या गतीचा जोम त्यांनी महत्त्वाचा मानला. त्यानंतरच्या बहुतेक सर्व टर्बोचार्जरयुक्त मोटारी या विचारावर उभ्या आहेत. शर्यतींत मात्र मोठ्या टर्बोचार्जरांचे युग अवतरले. रनो कंपनीने १९७७ मध्ये फॉर्म्युला वन शर्यतीत १·५ लि.चे टर्बोचार्जरयुक्त एंजिन उतरविले, १९७९ मध्ये दीझाँ येथे पहिला विजय मिळविला आणि पुढील दशकात शक्ती इतकी वाढली की १९८९ पासून अशा एंजिनांवर बंदी आली. २०१४ मध्ये ती नव्या स्वरूपात परत आली.

भारत व महाराष्ट्र : भारतात टर्बोचार्जरचा मोठा वापर प्रथम रेल्वेत झाला. १९६२ पासून आलेल्या व १९६४ पासून वाराणसी येथे बनू लागलेल्या डब्ल्यूडीएम-२ या २,६०० अ. श.च्या डीझेल एंजिनात तो होता. पुढे ट्रक, बसगाड्या आणि डीझेल मोटारी यांत तो रुळला. पुण्याजवळील रांजणगाव येथे पूर्वी तयार होणारे १·३ लि. डीझेल एंजिन हे निवडीचे सुबोध उदाहरण आहे. साध्या टर्बोचार्जरसह त्याची शक्ती ७५ अ. श.च्या आसपास असे, तर टरबाइनभोवतीची पाती हलवून मार्ग लहानमोठा करणाऱ्या टर्बोचार्जरसह ती सु. ९० अ. श. होई.

पेट्रोलवर चालणाऱ्या, वेगप्रिय चालकांसाठी असलेल्या मोटारींचा भारतातील इतिहास महाराष्ट्राशी विशेष निगडित आहे. तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथील स्कोडा कंपनीच्या कारखान्यातून २००४ मध्ये ‘ऑक्टाव्हिया आरएस’ बाहेर पडली. तिचे १,७८१ घ. सेंमी.चे एंजिन १५० अ. श. देई. चाकण येथील फोक्सवॅगन कारखान्यातून २०१३ मध्ये १·२ लि. व १०५ अ. श.ची ‘पोलो जीटी टीएसआय’ आली. रांजणगावहून २०१५ मध्ये आलेल्या ‘अबार्थ पुंटो’त १·४ लि. एंजिन १४५ अ. श. देत होते, त्याच एंजिनावरील ‘लिनिया टी-जेट’ ११४ अ. श.ची होती. मुंबईचे अभिकल्पक दिलीप छाब्रिया यांनी २०१२ च्या दिल्ली प्रदर्शनात ‘अवंती’ ही दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार मांडली. तिचे रनो बनावटीचे २ लि. टर्बोचार्जरयुक्त एंजिन २५० अ. श.चे होते आणि पुढे तिची ३१० अ. श.ची आवृत्तीही जाहीर झाली. टाटा मोटर्सने २०१७ मध्ये जिनीव्हा येथे दाखविलेली १·२ लि. एंजिनाची ‘रेसमो’ मात्र उत्पादनापर्यंत पोचली नाही.

यांपैकी ‘ऑक्टाव्हिया आरएस’ ही टर्बोचार्जर बदलण्याच्या छंदाची जणू शाळा ठरली. तिच्या एंजिनावर के०३ या मालिकेचा लहान टर्बोचार्जर असे. याच कुळातील एंजिन यूरोपात आउडी कंपनीच्या ‘एस३’ व ‘टीटी’ या मोटारींत के०४ मालिकेच्या मोठ्या टर्बोचार्जरसह २२५ अ. श. देत होते. तेव्हा के०४ बसविला की ७५ अ. श. वाढल्या, असा सोपा निष्कर्ष अनेकांनी काढला. वस्तुतः २२५ अ. श.च्या त्या एंजिनात संपीडन गुणोत्तर कमी केलेले होते, इंधन अंतःक्षेपक मोठे होते आणि एका आंतरशीतकाऐवजी दोन होते. कारखान्याने केवळ टर्बोचार्जर बदलला नव्हता, तर त्यासाठी सबंध एंजिन नव्याने जुळविले होते. पुढील पिढीच्या २३० अ. श.च्या ‘ऑक्टाव्हिया आरएस’मधील आयएस२० या टर्बोचार्जराजागी ‘गोल्फ आर’मधील आयएस३८ बसविणाऱ्यांनाही हीच गोष्ट लागू पडते.

निवडीची रीत : टर्बोचार्जर निवडताना प्रथम हवी असलेली शक्ती ठरवितात, मग तिला लागणारी हवा काढतात आणि शेवटी ती हवा आवश्यक दाबाने देऊ शकणारा संपीडक शोधतात. प्रत्येक संपीडकाचा एक नकाशा असतो. त्याच्या आडव्या अक्षावर हवेचा प्रवाह, तर उभ्या अक्षावर दाबाचे गुणोत्तर मांडलेले असते. नकाशाच्या डाव्या सीमेपलीकडे प्रवाह अडखळून मागे फिरू लागतो व चाकास आणि धारव्यांस हादरे बसतात. गॅरेजच्या भाषेत याला सर्ज म्हणतात. उजव्या सीमेपलीकडे चाक कितीही वेगाने फिरले तरी हवा वाढत नाही, फक्त तापते. एंजिन ज्या स्थितींत प्रत्यक्ष चालते ते बिंदू या दोन सीमांच्या मध्ये व उच्च कार्यक्षमतेच्या पट्ट्यात पडावयास हवेत.

उदाहरणादाखल वर उल्लेखिलेल्या १,७८१ घ. सेंमी. एंजिनातून २०० अ. श. हव्या आहेत असे समजू. पूर्ण भारावर अशा एंजिनास दर अ. श.मागे ताशी सु. २३० ग्रॅ. पेट्रोल लागते असे धरल्यास मिनिटास ०·७७ किग्रॅ. पेट्रोल जळेल. एक भाग पेट्रोलास बारा भाग हवा या हिशेबाने मिनिटास सु. ९·२ किग्रॅ. हवा लागेल. मिनिटास ५,८०० फेऱ्यांना एंजिन सु. ४·७५ घ. मी. मिश्रण ओढू शकते. म्हणून सिलिंडराशी येणाऱ्या हवेची घनता दर घ. मी.ला सु. १·९४ किग्रॅ., म्हणजे मोकळ्या हवेच्या दीडपटीहून अधिक असली पाहिजे. हवा ५०° से.ला असेल, तर त्यासाठी सु. १८० किलोपास्काल इतका निरपेक्ष दाब लागतो.

वऱ्हाडातील परिस्थिती : हाच हिशेब स्थळ व ऋतू यांप्रमाणे बदलतो. अमरावती समुद्रसपाटीपासून सु. ३४० मी. उंचीवर असून तेथील हवेचा दाब सु. ९७ किलोपास्काल असतो. गाळणी व नळ्या यांतील घट धरता, हिवाळ्यात २५° से. तापमानाच्या दिवशी वरील एंजिनाच्या संपीडकास दाबाचे गुणोत्तर सु. २ ठेवावे लागेल. संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के मानल्यास हवा त्यातून सु. ११७° से.ला बाहेर पडेल व सामान्य आंतरशीतकानंतर ५०° से.वर येईल. वैशाखात पारा ४५° से.वर असताना तेवढेच वस्तुमान मिळविण्यासाठी गुणोत्तर २·१ च्या वर न्यावे लागते. तेव्हा संपीडकातून निघणारी हवा सु. १५३° से.ला आणि आंतरशीतकानंतरही सु. ७४° से.ला असते. शक्ती तीच, परंतु सिलिंडरात जाणारी हवा चोवीस अंशांनी अधिक गरम, असा हा सौदा आहे. गरम हवेमुळे नॉकिंगचा धोका वाढतो. नियंत्रक संगणक मग ठिणगी उशिरा पाडतो व अपेक्षित शक्ती मिळतच नाही.

येथून सु. ८० किमी.वरील चिखलदरा १,१०० मी.हून अधिक उंचीवर आहे. तेथे हवा थंड असली, तरी दाब ८९ किलोपास्कालच्या आसपास असल्याने गुणोत्तर सु. २·२ पर्यंत चढते आणि टर्बोचार्जरचे चाक आणखी वेगाने फिरवावे लागते. मॉस यांनी पाइक्स पीकवर अभ्यासलेला प्रश्न सातपुड्याच्या घाटात लहान प्रमाणावर पुन्हा भेटतो तो असा. यूरोपातील थंड हवेत चाचणी घेऊन सांगितलेले शक्तीचे आकडे येथे जसेच्या तसे गृहीत धरता येत नाहीत.

चालविण्याच्या पद्धतीचाही विचार करावा लागतो. अमरावतीतील राजापेठ चौकासारख्या गजबजलेल्या ठिकाणी रिक्षा, दुचाक्या व बसगाड्या यांच्यामधून मोटार दुसऱ्या गिअरात, मिनिटास दीड-दोन हजार फेऱ्यांवर चालते. मोठा टर्बोचार्जर या गतीस झोपलेला असतो. लहान एंजिनाचे संपीडन गुणोत्तरही त्याच्यासाठी कमी केलेले असेल, तर मोटार मूळच्या मोटारीपेक्षा मंद वाटते. याउलट समृद्धी महामार्गावर मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किमी. आहे आणि तो वेग राखण्यास मूळ टर्बोचार्जराची शक्तीही पुरून उरते. शर्यतीच्या मार्गावर चालक एंजिन सतत वरच्या गतीत ठेवू शकतो, रस्त्यावर ते शक्य नसते. म्हणून रस्त्यावरील मोटारीसाठी कमाल शक्तीला पुरेल असा सर्वांत लहान टर्बोचार्जर निवडावा, हा साबने घालून दिलेला नियम अद्यापि योग्य ठरतो.

पूरक बदल व धोके : हवा वाढली की इंधन त्याच प्रमाणात वाढले पाहिजे. पंप व अंतःक्षेपक अपुरे पडल्यास मिश्रण विरळ होऊन दट्ट्याचा माथा वितळू शकतो. लहान टर्बोचार्जरवरच दाब फार वाढविला, तर कमी फेऱ्यांना पीडन परिबल, म्हणजे टॉर्क, एकाएकी उफाळते व संयोगदांडे वाकतात. क्लच, ब्रेक, शीतन आणि टायर हे जुन्याच शक्तीच्या हिशेबाचे राहिले, तर वाढलेला वेग आवरण्याचे साधन मोटारीजवळ उरत नाही. भारतातील सामान्य पेट्रोलचा ऑक्टेन अंक दीर्घकाळ ९१ च्या आसपास होता. २० टक्के एथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची नॉकिंग रोखण्याची क्षमता अधिक असली, तरी त्याचे उष्मीय मूल्य कमी असल्याने तेवढ्याच शक्तीस ते अधिक लागते. जुन्या मोटारींच्या रबरी नळ्या त्यासाठी बनविलेल्या नसतात. कमी किमतीत मिळणारे नकली टर्बोचार्जर हा आणखी एक धोका आहे. नीट तोललेले नसलेले चाक फुटले, तर त्याचे तुकडे हवेच्या मार्गाने थेट एंजिनाकडे जाऊ शकतात.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, उत्पादकाने मूळ ठरविलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ प्रदूषण मानकांमुळे निष्कासमार्गातील उत्प्रेरकी परिवर्तक काढून टाकणे अधिकच आक्षेपार्ह ठरते. अपघात झाल्यास न कळविलेल्या फेरफारामुळे विम्याचा दावा वादात सापडू शकतो. या वादाची झळ मोटारीच्या मालकाला बसतेच, पण अपघातात सापडलेल्या त्रयस्थालाही बसू शकते.

समारोप : टर्बोचार्जरच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. एक विरळ हवेची भरपाई व वाया जाणाऱ्या शक्तीचा उपयोग यांचा, दुसरा आकड्यांच्या चढाओढीचा. जेटफायर व २००२ टर्बो यांसारख्या मोटारी थोड्याच काळात मागे पडल्या, कारण त्यांत टर्बोचार्जर आणि उरलेली मोटार यांचा मेळ पुरता बसला नव्हता. साबची पद्धत टिकली, ती हा मेळ आधी साधल्यामुळे. मोठा टर्बोचार्जर घेऊ इच्छिणाऱ्याने म्हणून प्रथम आपली मोटार कोठे, कोणत्या ऋतूत व कोणत्या गतीने चालते याचा हिशेब मांडावा. पुष्कळदा त्या हिशेबाअंती असे आढळते की, चांगला आंतरशीतक, स्वच्छ वंगण तेल आणि सुस्थितीतील मूळ टर्बोचार्जर एवढ्यानेच गरज भागते. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन, मोटारगाडी].